वस्तीत दिवसभराची बालवाडी चालवायचीय? आधी आयांचं घड्याळ बघा

आमच्या वस्तीत साडेबाराला अंगणवाडी सुटते आणि बऱ्याच आया पाच-साडेपाचला घरी येतात. मधले पाच तास तीन-चार वर्षांचं पोर कुठे असतं असं विचारलं की लोक म्हणतात, असतं की इथेच, खेळतं, शेजारीण बघते. आम्ही पण सुरुवातीला हेच धरून चाललो होतो. मग एकदा वही घेऊन घरोघर फिरलो आणि "काल दुपारी कोणी सांभाळलं" या रकान्यात सारखं एकच उत्तर यायला लागलं, थोरली. थोरली म्हणजे नऊ-दहा-अकरा वर्षांची बहीण, जी त्या वेळी शाळेत असायला पाहिजे. पटावर तिचं नाव होतंच, ती मात्र दारात कडेवर भाऊ घेऊन उभी.

तेव्हा कळलं की दिवसभराची बालवाडी काढली तर एका घरातली दोन पोरं शाळेला लागतात, एक बालवाडीत आणि एक तिच्या चौथी-पाचवीत. पण त्यासाठी बालवाडी खरोखर दिवसभर पाहिजे, दीड वाजता सुटणारी नको, आणि दीड वाजता सुटणारीला लोक सर्रास "फुल डे" म्हणतात हे पण सांगून ठेवते.

पुण्यातल्या एका वस्तीत आम्ही काही जणी मिळून हे काम करतोय. त्यात जे जमलं, जे फसलं, ते क्रमाने लिहितेय. स्वतः सुरू करणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि ज्यांना नुसती मदत करायचीय, पैशाची किंवा वेळेची, त्यांनी पण वाचा, कारण मदत करणाऱ्यांच्या चुका जास्त महाग पडतात.

१. आधी वही, मग खोली

सर्व्हे म्हटलं की लोक फॉर्म छापतात आणि विचारतात, "तुम्हाला बालवाडी हवी का?" यावर सगळे हो म्हणतात. फुकट काही मिळणार असेल तर नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा आईला विचारा की काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलं, कधी निघालात, कधी आलात, मधे घरी चक्कर झाली का, पोराने दुपारी काय खाल्लं, कोणी दिलं. कालचाच दिवस विचारायचा, "साधारणपणे" विचारलं की साधारणच उत्तर येतं.

आमच्या वहीतून दोन वेगळी घड्याळं निघाली. धुणीभांडी करणाऱ्या बायका साडेसातला बाहेर पडतात, दीड-दोनला घरी, आणि चारला परत सोसायट्यांमध्ये, थेट सात वाजेपर्यंत. बिगारी कामाला जाणाऱ्या नवराबायको आठच्या आत मजूर अड्ड्यावर, काम मिळालं तर पाच-साडेपाचला परत, नाही मिळालं तर दहालाच घरी. कचरा वेचणाऱ्या बायका पहाटेच निघतात. या सगळ्यांना एकच वेळ पुरत नाही. आम्ही आठ ते साडेपाच धरली आणि धुणीभांडीवाल्यांची संध्याकाळ आमच्याकडून सुटली, ते अजूनही नीट जमलेलं नाही, खरं सांगते. पण निदान वही असल्यामुळे कोण सुटतंय ते तरी माहितीय.

२. अंगणवाडीशी भांडू नका

नवीन उत्साही लोक पहिली चूक ही करतात. अंगणवाडीच्या शेजारीच रंगीत बालवाडी काढतात, पोरं पळवतात, मग सेविकेचा पट कमी होतो, ती नाराज, आणि पोरांचं लसीकरण-वजन-आहार सगळं मधल्यामधे लटकतं. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिच्या सहा सेवा आहेत: पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, पोषण-आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा. यातल्या अर्ध्या गोष्टी तुम्ही स्वतःच्या खर्चाने कधीच करू शकणार नाही. तेव्हा सेविकाताईंकडे जा, चहा घ्या, आणि स्पष्ट सांगा की तुमचा पट तुमच्याकडेच राहील, आम्ही सकाळी पोरं तुमच्याकडे आणून सोडतो आणि साडेबाराला घेऊन जातो. आमचं गाडं इथूनच रुळावर आलं.

तीन रस्ते आहेत. एक, वर सांगितला तो, अंगणवाडीच्या आधीचे आणि नंतरचे तास तुम्ही सांभाळायचे. दोन, सरकारची पाळणा योजना, मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली, जिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडतात, सहा महिने ते सहा वर्षांपर्यंतची पोरं, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. एका केंद्रात २५ पोरं, एक कार्यकर्ती, एक मदतनीस. तुमच्या प्रकल्प कार्यालयात, म्हणजे सीडीपीओ (बाल विकास प्रकल्प अधिकारी) मॅडमकडे, आपल्या भागात हे केंद्र मंजूर आहे का ते विचारा, मागणीचं पत्र द्या, त्यावर आयांच्या सह्या-अंगठे घ्या आणि वहीतली यादी जोडा. नुसतं "आमच्या वस्तीला गरज आहे" लिहिलेलं पत्र फाइलला लागतं, नावं-वयं-वेळा लिहिलेलं पत्र निदान कोणीतरी वाचतं. तीन, जिथे अंगणवाडीच पोचत नाही, बांधकामाच्या साइटवर, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या कोप्यांवर, तिथे सगळं स्वतःच उभं करायचं.

साइटबद्दल एक माहिती असू द्या. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यातच लिहिलं होतं की ५० पेक्षा जास्त बायका कामावर असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या पोरांसाठी खोली द्यायची, पाळणाघरासाठी. म्हणजे बिल्डरकडे खोली मागताना दान मागतोय असा चेहरा करू नका. साइटवर पोरं सांभाळायचं काम तसं जुनं आहे, मोबाइल क्रेशेस नावाच्या संस्थेने १९६९ साली दिल्लीत सुरू केलं, मग मुंबई-पुण्यात पण आलं. सगळं नव्याने शोधायची गरज नाही, जाऊन दोन दिवस बघून या.

३. जागा: पोरं आडवी करून मोजा

डहाणूजवळच्या बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बहिष्कृत वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तर या बायका बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या, अंगणवाडी हा शब्द त्यातून आला. आज आपण जागा बघताना नेमकं हेच विसरतो. मेन रोडवरचा स्वच्छ हॉल आवडतो, पण सकाळी डबा-पिशवी सांभाळत आई पोराला तिकडे आणून सोडणार नाही. घरापासून पाच मिनिटं, मधे मोठा रस्ता नको, आणि शक्यतो आयांच्या कामाला जायच्या वाटेवर. हे जमलं तर पडका पत्रा पण चालेल.

आमची पहिली खोली तीनशे चौरस फुटांची होती, बावीस पोरं मस्त बसायची, आम्ही खूश. पहिल्या दिवशी दुपारी सतरंज्या घातल्या आणि चौदा पोरांतच जमीन संपली. बसलेलं पोर आणि झोपलेलं पोर यांना लागणारी जागा वेगळी असते, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती. तर खोली ठरवायच्या आधी दहा-बारा पोरं आणा, आडवी करा, मधून बाईला चालता येतंय का बघा, मग भाडं बोला.

पत्र्याचं छप्पर असेल तर एप्रिलमध्ये दुपारी एकदा आत जाऊन अर्धा तास बसा. छताखाली थर्माकोल, बांबूची चटई, वरून पांढरा रंग, जे परवडेल ते आधी करा, भिंतीवरचे जिराफ नंतर. पाणी महापालिकेचं सकाळी दीड तास येतं तर भरणार कोण ते ठरवा, पिंपाला झाकण पाहिजे, आणि तोटीचा पिंप असेल तर पोरं स्वतः घेतात, ओगराळ्याची गरजच राहत नाही. गॅस आणि शेगडी पोरांच्या खोलीत अजिबात नको. संडास सार्वजनिक असेल तर पोराबरोबर मोठं माणूस जाणारच, म्हणजे तेवढा वेळ खोलीत एक माणूस कमी, हे माणसं मोजताना लक्षात ठेवा.

समाजमंदिर फुकट मिळतं, घ्या, पण गणपतीत, लग्नसराईत आणि निवडणुकीत ते तुमचं नसतं. मंडळाच्या पोरांना आधीच भेटा आणि त्या दिवसांसाठी दुसरी जागा ठरवून ठेवा. बालवाडी बंद म्हणजे तेवढे दिवस थोरली परत घरी.

४. बाई

इथे थोडं थांबून लिहिते कारण सगळं इथेच बिघडतं.

नऊ-साडेनऊ तास एकच बाई वीस पोरं सांभाळू शकत नाही. सांभाळते, पण तीन वाजल्यानंतर ती फक्त ओरडते. आम्ही एक वर्ष हे केलं, बाई चांगली होती, मनापासून करणारी, आणि डिसेंबरात तिने काम सोडलं आणि आम्ही म्हटलं आजकाल माणसं टिकत नाहीत. माणसं टिकतात हो, आपण टिकू देत नाही. आता आमच्याकडे तिघी आहेत, एक आठ ते दोन, दुसरी साडेअकरा ते साडेपाच, आणि मदतनीस मावशी नऊ ते चार. साडेअकरा ते दोन तिघी एकत्र असतात आणि नेमकं तेव्हाच जेवण, संडास, झोपवणं ही सगळ्यात धावपळीची वेळ असते.

बाई वस्तीतलीच घ्या. दहावी-बारावी झालेली, पोरांत रमणारी, आणि जिच्या घरात या कामाला विरोध नाही अशी. बाहेरून डीएड झालेली मुलगी आणली तर छान शिकवते पण पावसाळ्यात येत नाही, आणि पोराची आजी वडारी किंवा गोरमाटी बोलते तेव्हा बघत बसते. आमच्याकडे घरात कन्नड, वडारी, हिंदी, मराठवाड्यातली मराठी असं सगळं आहे, पहिले दोन महिने पोर गप्प असतं ते मुकं म्हणून नाही, त्याला पाणी कसं मागायचं तेच कळत नाही. बाईला त्या भाषेतले दहा शब्द यायला पाहिजेत: पाणी, भूक, शू, दुखतं, आई येईल. भिंतीवर लिहून लावा.

पगाराचं सांगते. शंभर रुपये असतील तर साठ पगाराला, वीस-पंचवीस खाण्याला, राहिलेल्यात भाडं-साबण-खेळणी. डोनर उलटं मागतात, त्यांना खेळण्यांचा फोटो पाहिजे असतो, पगाराचा फोटो कसा काढणार! पण "मानधन" या गोड शब्दाखाली बाईला अर्ध्या पैशात राबवू नका, ती पण त्याच वस्तीतली आहे, तिचं पण पोर कुठेतरी ठेवायचंय. तिचं पोर आपल्याच बालवाडीत घ्या, पण दुसऱ्या बाईच्या गटात, नाहीतर तिला काही सुचत नाही.

ट्रेनिंग एकदाच दहा दिवसांचं न करता दर शनिवारी दोन तास ठेवा. राज्यात अंगणवाड्यांसाठी "आकार" नावाचा अभ्यासक्रम तयार केलेला आहे, तो सेविकाताईंकडून मागून बघा, चांगला आहे, त्यातल्याच कृती दुपारच्या वेळेला फिरवून वापरता येतात.

५. दिवस कसा घालवायचा

दिवसभराची बालवाडी म्हणजे सकाळची बालवाडी गुणिले दोन, असं समजून आम्ही पहिल्या वर्षी दुपारी परत पाटी-पेन्सिल काढायचो. पोरं वैतागली, बाई वैतागल्या. तीन-चार वर्षांच्या जिवाला सकाळचे दोन तास शिकणं पुष्कळ झालं, बाकीच्या दिवसात घर असतं तसं पाहिजे, खाणं, लोळणं, मातीत हात, कोणाच्या तरी मांडीवर बसणं.

आमचा दिवस असा जातो. आठ ते नऊ, येणं, हातपाय-तोंड धुणं, केस विंचरणं, आणि नाश्ता, कारण निम्मी पोरं चहा-बटरवर आलेली असतात. मग रांगेने अंगणवाडीत. साडेबाराला परत, जेवण. एक ते अडीच झोप. उठलं की तोंड धुणं आणि खाऊ. तीन ते साडेचार खेळ, बाहेर सावली असेल तर बाहेर, चिंचोके, बाटल्यांची बुचं, डबे, वाळू, चिखल. मग गोष्ट, बडबडगाणी, आणि आया यायला लागतात.

झोपेबद्दल कोणीच लिहीत नाही. पोरं अनोळखी ठिकाणी झोपत नाहीत, जबरदस्ती केली तर दुसऱ्या दिवशी येतच नाहीत. आमच्याकडे एक साडेतीन वर्षांचा होता, जेवायचा, खेळायचा, पण सतरंजी दिसली की दाराला जाऊन चिकटायचा. आठवडाभर रडारड. मग मदतनीस मावशींनी त्याच्या आईला सांगितलं की तुझी एक जुनी साडी दे, न धुतलेली. त्या साडीचा तुकडा उशाला दिला, त्याने तो नाकाशी धरला आणि पाच मिनिटांत पोर गार. आता आम्ही नवीन येणाऱ्या प्रत्येकाकडून आईच्या साडीचा किंवा ओढणीचा तुकडा मागतो, नाव घालून दोरीवर अडकवतो, धुवायचा कधी ते आईच ठरवते. कुठल्याही ट्रेनिंगमध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं. जे झोपत नाहीत त्यांना नुसतं पडून राहायला किंवा कोपऱ्यात चित्रांचं पुस्तक बघायला द्या.

आयांचा दबाव मात्र येणार, ए बी सी डी कधी शिकवणार, समोरच्या इंग्लिश मीडियमवाल्याला वन टू हंड्रेड येतं. त्यांना लेक्चर देऊ नका की २०२० च्या नवीन शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय वगैरे, ते खरं आहे पण आईला काय त्याचं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा आईला अर्धा तास खोलीत बसवा. पोर चिंचोके पाच-पाचचे ढीग करून मोजतंय, गोष्ट ऐकून आपल्याला परत सांगतंय, स्वतःची चप्पल ओळखून स्वतः घालतंय, हे तिने डोळ्याने बघितलं की पाटीचा विषय मागे पडतो. पूर्ण जात नाही, पण पडतो. पाच वर्षांवरच्या पोरांना शेवटच्या सहा महिन्यांत स्वतःचं नाव लिहायला शिकवा, घरच्यांना तेवढा आनंद द्यायला काय हरकत आहे.

६. खाणं

अंगणवाडीतल्या तीन ते सहा वयाच्या पोराला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रोटीन मिळावं असे पूरक आहाराचे आकडे २०२३ पर्यंत होते. पूरक म्हणजे घरच्या खाण्यावर जास्तीचं. पण आपलं पोर आठ ते साडेपाच घरीच नसतं, म्हणजे दिवसातलं बहुतेक खाणं आपल्यावर आलं. म्हणून नाश्ता आणि दुपारचा खाऊ आपला, जेवणात अंगणवाडीची खिचडी असेल तर त्यात आपल्याकडची भाजी, उसळ किंवा अंडं.

नाश्त्याला आम्ही फिरवून नाचणीची पेज गूळ घालून, उपमा भरपूर शेंगदाण्याच्या कुटाचा, मूगडाळीचं धिरडं. दुपारच्या खाऊला केळं, राजगिऱ्याचा लाडू, चुरमुरे-कूट, उकडलेला रताळ्याचा तुकडा. तेलात कंजूषी नको, पोराचं पोट लहान असतं, पातळ पाणीदार खिचडीने ते भरतं पण अंगाला लागत नाही, वरून चमचाभर तेल किंवा तूप घातलं की फरक पडतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं या वयाला द्यायची नाहीत, घशात अडकतात, कूट करा, चिरा. अंड्याला कोणाच्या घरी चालत नसेल तर विचारून यादी करा, वाद घालू नका, त्या पोराला दुधाचं किंवा डाळीचं काही द्या.

वजन-उंची दर महिन्याला सेविकाताईंबरोबर. दंडाचा घेर मोजायची पट्टी पण शिकून घ्या, पाच वर्षांखालच्या पोराचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषित, साडेअकरा ते साडेबारा मध्यम, सेविका ज्याला सॅम आणि मॅम म्हणतात ते. सॅम निघालं की स्वतः डॉक्टरकी न करता त्याच दिवशी सेविका आणि आरोग्य केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, त्या तारखा आधी विचारून ठेवा म्हणजे त्या दिवशी तरी सगळी पोरं हजर असतील.

७. गेट, ताप आणि बाकीच्या नको वाटणाऱ्या गोष्टी

एकदा आमच्याकडून पोर हरवलं. वीस मिनिटं. संध्याकाळी आया आल्या, दारात गर्दी, आणि चार वर्षांची एक मुलगी दुसऱ्याच आईच्या मागोमाग निघून गेली. सापडली, टपरीवर बिस्किट खात बसली होती, पण ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. चूक पूर्ण आमची होती. त्या दिवसापासून नियम केले: दाराला वरच्या बाजूला कडी, दारात एकच माणूस आणि त्याच्याकडे रजिस्टर, दिवसातून पाच वेळा डोकी मोजायची आणि आकडा फळ्यावर लिहायचा, आणि प्रत्येक घराचं एक कार्ड, त्यावर पोर नेणाऱ्या दोघा-तिघांचे फोटो. कार्डावर नाही त्याच्या ताब्यात पोर नाही, मग तो सख्खा मामा का असेना. चौदा वर्षांखालच्या भावंडाकडे पण नाही. दारू पिऊन बाप आला तर भांडायचं नाही, बसवून पाणी द्यायचं आणि कार्डावरच्या दुसऱ्या माणसाला फोन लावायचा.

ताप असलेलं पोर आई आणून सोडणार, दिवस बुडाला तर हजेरी जाते, तिचा दोष नाही. "आजारी पोर आणू नये" अशी पाटी लावली तर ती ताप लपवून आणेल. आम्ही सांगतो, आण पण खरं सांग. कोपऱ्यात वेगळी सतरंजी, थर्मामीटर, आईचा कामाच्या ठिकाणचा नंबर, म्हणजे मॅडमचा पण. गोवर-कांजिण्या किंवा डोळे आले असतील तर मात्र ठाम नाही म्हणावं लागतं, वाईट वाटलं तरी. औषध आपल्या मनाने देऊ नका. जुलाब असतील तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, हळूहळू, आणि जवळच्या दवाखान्यात. १०८ आणि १०९८ हे दोन्ही नंबर भिंतीवर मोठे लिहा, एक रुग्णवाहिका, दुसरा चाइल्ड हेल्पलाइन.

आणि हे टाळून चालणार नाही: पोराच्या अंगावर विचित्र खुणा, अचानक घाबरणं, असं काही लैंगिक शोषणाच्या शंकेचं दिसलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, "वस्तीत बोभाटा नको" म्हणून दाबायचं नाही. बाईने एकटीने निर्णय घ्यायचा नाही म्हणून आधीच ठरवा की तिने पहिला फोन कोणाला करायचा.

८. पैसे आणि मदत करणारे

फी घ्या. थोडी, पण घ्या. सरकारी पाळणाघर योजनेत सुद्धा दारिद्र्यरेषेखालच्या घरांकडून महिन्याला २० रुपये घ्यायची पद्धत होती. फी दिली की आई हक्काने विचारते, आज अंडं का नव्हतं. हे विचारलं जायला पाहिजे. ज्या महिन्यात काम नाही त्या महिन्यात माफ, पण ते तिने येऊन सांगायचं, आपण तोंड बघून ठरवायचं नाही.

मदत करू इच्छिणाऱ्यांनो, जुने टेडी बेअर नकोत, धुळीने भरतात. वाढदिवसाचा केक घेऊन येऊन पोरांना रांगेत उभं करून फोटो नकोत, पोरांचे चेहरे स्टेटसला टाकायला तर आईची परवानगी घेतलेली असते का? काय हवं ते सांगते: एका बाईचा वर्षभराचा पगार चारजणांनी मिळून उचला, महिन्याच्या महिन्याला, न आठवण करता. किंवा अंडी आणि केळ्यांच्या दुकानदाराचं बिल परस्पर भरा. किंवा पावसाळ्याआधी ताडपत्री. कंपनीत असाल तर सीएसआरवाल्यांशी, म्हणजे सामाजिक कामाचा निधी बघणाऱ्यांशी, बोलणं लावून द्या, २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के द्यावे लागतात, पण त्यांना विचारा की तीन वर्षं पगार देणार का, एका वर्षात पैसे थांबले तर पोरं परत रस्त्यावर येतात आणि आया पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाहीत. संस्थेची कागदपत्रं, करसवलतीची नोंदणी (१२ए, ८०जी म्हणतात ती), सीएसआरचं रजिस्ट्रेशन, एका फाइलमध्ये तयार ठेवा, ऑडिट वेळेत, बस्स.

वेळ द्यायचा असेल तर दुपारी एक ते अडीच या. कंटाळवाणी वेळ आहे, फोटो निघत नाही, पण तेव्हा एक माणूस खोलीत बसला तर बायांना शांतपणे जेवता येतं.

९. जून

सहावं लागलेल्या पोरांची यादी जानेवारीतच काढा. जन्मदाखला, आधार, रहिवासाचा काहीतरी पुरावा, जातीचा दाखला, यातलं निम्मं नसतंच, बाळंतपण गावाला झालेलं, दाखला तिथल्या ग्रामपंचायतीत. मागवायला वेळ लागतो म्हणून जानेवारी. पण जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेने प्रवेश नाकारायचा नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये ते स्पष्ट आहे, त्याची मराठी प्रिंट घेऊन आईबरोबर एक जण जा. गुरुजी बहुतेक वेळा चांगले असतात, त्यांना पण पट पाहिजे असतो. पहिले पंधरा दिवस आमची एक बाई शाळेच्या दारापर्यंत सोडायला जाते, कारण सतरंजीवरून बाकावर बसणं हे पोराला आपल्याला वाटतं त्यापेक्षा जड जातं.

आणि जानेवारीतच ती जुनी वही परत घेऊन फिरा, तेच प्रश्न, कालचा दिवस, दुपारी कोणी सांभाळलं. आम्ही फिरलो तेव्हा काही घरांत अजूनही थोरलीच होती, ती ज्या घरांत आया संध्याकाळी कामाला जातात ती घरं. बाकीच्यांच्या रकान्यात "बालवाडी".

या "बालवाडी"वाल्या घरांतली एक थोरली, पाचवीतली, रोज पाचला शाळेतून सरळ आमच्याकडे येते. भाऊ तिच्या ताब्यात देता येत नाही, कार्डाचा नियम, हे तिला माहितीय आणि पहिल्या दिवशी ती त्यावरून आमच्याशी भांडली पण होती, म्हणे वर्षभर मीच सांभाळला की याला. आता पायरीवर बसून गृहपाठ करते, आई आली की वही मिटते, आणि भावाची चप्पल उलट्या पायात असेल तर बाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगते.